मटर सोलताना बाप्याचं नाव नको

भानुमतीबाई खडतकरांना एक खोड होती. कोणी काही मागितलं की त्या आधी "हो" म्हणायच्या, आणि काय मागितलं ते मागाहून विचारायच्या. या खोडीपायी खमरियाच्या क्वार्टरमध्ये असताना त्यांनी शेजाऱ्यांची बकरी पूर्ण उन्हाळाभर सांभाळली, आणि एकदा तर कोणाच्या तरी मुलीचं केळवण करता करता पूर्ण वऱ्हाडच जेवायला बोलावून बसल्या. त्यांचे यजमान रत्नाकरराव म्हणायचे, "हिला कोणी तोफ ठेवायला दिली, तर ही ओसरीवर जागा करील." रत्नाकररावांनी जन्मभर खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरी केली, म्हणून त्यांच्या बोलण्यात तोफ यायची. नाहीतर माणूस अगदी गरीब. फटाक्यालाही कानात बोटं घालणारा.

रिटायर झाल्यावर दोघांनी जबलपुरातच, आधारतालच्या पलीकडे, महाराजपुरात छोटंसं घर बांधलं. मुलगा आल्हाद आणि सून सुखदा इंदूरला नोकरीला. नात प्रणोती मात्र आजी-आजोबांजवळ राहून विद्यापीठात पीएचडी करून राहिली होती. प्रणोतीला मराठी समजायची सगळी, पण बोलताना ती हिंदीचा हात धरून चालायची. भानुमतीबाईंचं शिक्षण तिच्यापुढे म्हणजे पोळीपुढे पापड. त्या चार बुकं शिकल्या, पाचव्या बुकाच्या वेळेस घरात धाकटं भावंड आलं आणि पाळण्याची दोरी त्यांच्या हातात आली. तरी नात काय शिकते हे आपल्याला कळलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट.

"तुझ्या त्या विषयाचं नाव काय म्हणाली?"

"स्त्रीवादी समीक्षा, आजी."

"म्हणजे बायकांनी वाद घालायचा?"

"नाही ना आजी. कोई भी कहानी लो. त्यात बघायचं, सांगतो कोण. बोलतो कोण, चूप कोण आहे. आणि चहा कोण आणून राहिलं."

"चहा तर बाईच आणते."

"बस्. तेच काहून, ते विचारायचं."

भानुमतीबाईंनी तिचा रिकामा कप उचलला. मग म्हणाल्या, "हे तर मी लग्न झाल्यापासून विचारून राहिले. मला कोणी पीएचडी नाही दिली."

तर या विषयात एक परीक्षा होती. कथेची परीक्षा. प्रणोतीनं ती आजीला शेंगा सोलता सोलता समजावून सांगितली. कथेत दोन बायका पाहिजेत. दोघींना नाव पाहिजे. दोघी एकमेकींशी बोलल्या पाहिजेत. आणि ते बोलणं बाप्यामाणसाबद्दल नको. एवढं जमलं तर कथा पास.

"एवढंच? हे तर सोपं आहे."

"लगता है ना? करून बघ."

त्या दिवसापासून भानुमतीबाईंनी महाराजपुरात परीक्षा घ्यायला सुरुवात केली. संध्याकाळच्या मालिकेत दोन जावा स्वयंपाकघरात उभ्या राहून कुजबुजायला लागल्या की या पुढे सरकून ऐकायच्या. जावा नवऱ्याबद्दल बोलत. नाहीतर दिराबद्दल. एकदा दोघी साड्यांबद्दल बोलायला लागल्या, तर भानुमतीबाईंनी हात जोडले. पण पुढच्याच वाक्यात कळलं की साडी नवऱ्यानं दुसरीला दिली.

"नापास," भानुमतीबाई म्हणाल्या आणि टीव्ही बंद केला.

"अगं, तिनं साडी फाडली की ठेवली ते तर बघू दे!" रत्नाकरराव कळवळले.

"नापास म्हणजे नापास."

मराठी मंडळाच्या कोजागिरीचं नाटक नापास झालं. शेजारच्या लग्नाची पत्रिका नापास झाली, कारण त्यात बायका पुष्कळ होत्या पण सगळ्या 'सौ.' होऊन नवऱ्याच्या नावामागं उभ्या होत्या. रत्नाकररावांना तर आपल्या घरात राहायची चोरी झाली. ते काही सांगायला लागले की बायको मध्येच विचारायची, "यात बाई आहे का कोणी?"

थंडी पडली आणि एक दिवस प्रणोती तोंड एवढंसं करून घरी आली. तिचे गाईड दिवाकर सर. माणूस चांगला, पण पुराव्याशिवाय पाणी न पिणारा. प्रणोतीनं आपल्या प्रबंधाच्या आराखड्यात लिहिलं होतं की पुरुषांनी लिहिलेल्या गोष्टींतल्या बायका उठता बसता पुरुषांबद्दल बोलतात, आणि खऱ्या बायका काही तसं बोलत नाहीत. दिवाकर सर म्हणाले, "दावा अच्छा है. लेकिन असली औरतें क्या बोलती हैं, वो कहाँ है?" विषय मंजूर करायला कमिटी बसायच्या आधी खऱ्या बायकांचं खरं बोलणं ऐकवायला आणा, म्हणाले. नाहीतर विषय बदला. दुसरा विषय त्यांनी काढूनच ठेवला होता: साहित्यातलं नर्मदेचं वर्णन. त्या विषयावर जबलपुरात आधीच इतके प्रबंध झाले होते, की नदीलाही कंटाळा आला असेल.

"आजी, मला नर्मदा नको," प्रणोती म्हणाली. "मुझे यही करना है."

आणि भानुमतीबाई नेहमीप्रमाणे आधीच म्हणून बसल्या, "हो, मग मी आहे ना! मी आणि ललितची आई रोज बोलतो. पाहिजे तेवढं भरून घे."

ललितची आई म्हणजे भीमाबाई. खमरियाला दोघींचे क्वार्टर पाठीला पाठ लावून. भीमाबाईंचे यजमान डोमाजी त्याच कारखान्यात, वेगळ्या सेक्शनला. दोघींचा नळ एक, कपडे वाळवायची तार एक, आणि तारेवरून भांडणंही एकाच प्रकारची. पुढे दोघी महाराजपुरातच राहायला आल्या, एक गल्ली सोडून. थंडीत शहपुऱ्याकडचा मटर बाजारात आला, की दुपारी खडतकरांच्या ओसरीत ऊन यायचं, मधे परात यायची, आणि परातीच्या दोन बाजूंना या दोघी. दोन घरांचा मटर सोलून संपला तरी तोंड संपायचं नाही. तेव्हा भानुमतीबाईंना कसली काळजी? उलट त्यांना वाटलं, मोबाईलमध्ये एवढं मावेल का?

दुसऱ्या दुपारी प्रणोतीनं परातीच्या काठाशी एक पातेलं पालथं घातलं, त्यावर मोबाईल ठेवला आणि म्हणाली, "पहिले आप दोनों अपना नाम बताओ."

"प्रणोतीची आजी," भानुमतीबाई म्हणाल्या.

"ललितची आई," भीमाबाई म्हणाल्या.

प्रणोतीनं कपाळाला हात लावला. "नाम, आजी. नाम! पहिलीच शर्त आहे."

भीमाबाईंनी आपलं नाव सांगून टाकलं. माहेरीही भीमाबाई आणि सासरीही भीमाबाई, त्यांना अडचण नव्हती. भानुमतीबाई मात्र अडल्या. "माहेरचं सांगू का सासरचं?" माहेरी त्या मीरा होत्या. लग्नात नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं नवीन नाव लिहायचं असतं, तर रत्नाकररावांनी आपलं वळणदार अक्षर दाखवायला मुद्दाम काना, उकार, वेलांटी असं सगळं असलेलं नाव शोधलं आणि 'भानुमती' लिहिता लिहिता ताट कमी पडून 'ती' पाटावर सांडली.

"म्हणजे हे नाव बी बाप्यानंच देलं," भीमाबाई म्हणाल्या. "आता काय करता? सुरू व्हायच्या आधीच नापास झालो वो आपण."

"चलेगा, चलेगा," प्रणोती घाईघाईनं म्हणाली. "तुम्ही बोला. मी आत जाते. जसं रोज बोलता तसंच बोला. फक्त... बाप्यांबद्दल नको." आणि ती आत जाऊन दाराआड उभी राहिली. तिची सावली दोघींना दिसत होती.

दोघी मोबाईलकडे बघत बसल्या.

"मटर गोड आहे यंदा," शेवटी भानुमतीबाई म्हणाल्या.

"हाय न. लय गोड."

"ह्यांना तर कच्चाच..." भानुमतीबाईंनी जीभ चावली. "कच्चाच चांगला लागतो. सगळ्यांना."

"थंडी वाढली वो."

"हो न. खूपच."

"डोमाजी तं कालपासून कानटोपी काढूनच नाही राहिले. आंघोळीले बी..." भीमाबाईंनी तोंडावर हात ठेवला. "अरे देवा! गेलं."

"देव चालतो का?" भानुमतीबाईंनी आत ओरडून विचारलं. "प्रणोती! देव चालतो का ग?"



"देव बी बाप्याच असते," भीमाबाई म्हणाल्या. "राहू द्या. तुमच्या गुडघ्याचं सांगा. गुडघ्यात कोणी बाप्या नाही."

"गुडघा बरा आहे. तो डॉक्टर म्हणाला..." भानुमतीबाई थांबल्या. "ती डॉक्टर म्हणाली."

"खोटं! मी आली होती न तुमच्यासंग. मिशा होत्या त्याले."

"अवो, मग काय सांगू?"

"भाजीचं सांगा."

"काल वांग्याचं भरीत केलं."

"कोनासाठी?"

यावर बराच वेळ नुसत्या शेंगा फुटल्याचा आवाज आला.

"स्वतःसाठी म्हणा न वो!" भीमाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"खोटं कसं म्हणू? भरून राहिलं ना सगळं!"

तेवढ्यात आतल्या खोलीतून रत्नाकरराव म्हणाले, "माझा काही विषय निघाला का?" त्यांना आपल्या 'ह्यांना'चा वास लांबून यायचा.

"नाही!" दोघी एकदम ओरडल्या.

मग भीमाबाईंना युक्ती सुचली. "सासू! सासू तं बाईच असते." दोघींच्या अंगात एकदम वारं संचारलं. भीमाबाईंनी आपल्या सासूची सगळी कुळकथा काढली, भानुमतीबाईंनी आपल्या सासूची. सासवा एकीपेक्षा एक निघाल्या. दाराआडची सावली आनंदानं हलायला लागली.

"आणि तूप!" भानुमतीबाई रंगात येऊन म्हणाल्या. "तुपाचं भांडं तर कमरेला बांधून फिरायच्या. कोणाला बोटभर देतील तर शपथ. सगळं काढून ठेवायच्या ते..."

"ते?"

"...मुलासाठी."

सावली दाराआडून निघून गेली.

प्रणोतीनं मोबाईल उचलला. आजीच्या खांद्यावर हात ठेवून ती म्हणाली, "कोई बात नहीं, आजी." ती चिडली असती तर भानुमतीबाईंना बरं वाटलं असतं. हे "कोई बात नहीं" त्यांच्या गळ्याखालीच उतरेना. पोरीनं आपल्यावर भरवसा ठेवला, आणि आपण एवढी वर्षं तोंडाचा पट्टा चालवून चार वाक्यं स्वतःची बोलू शकलो नाही. आता ही पोर आमच्यापायी नर्मदेत जाणार.

"ऐका," भीमाबाई घरी निघताना म्हणाल्या, "आपण पाठ करून बोलू. नाटकात करते तसं."

"लिहील कोण?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. भीमाबाई वाचायच्या चांगलं, पण लिहायचं म्हटलं की त्यांचा हात आखडायचा. भानुमतीबाईंचं लिहिणं म्हणजे किराण्याच्या यादीपुरतं. आणि मागं खोकल्याचा आवाज झाला. रत्नाकरराव दारात उभे होते. मराठी मंडळात कोणी रिटायर झालं, कोणी वारलं, कोणाचा सत्कार झाला की मानपत्र लिहायला रत्नाकररावच. त्यांच्या मानपत्रात जिवंत आणि मेलेला यांत फरक करणं कठीण, इतकं ते सगळ्यांचं चांगलं लिहायचे.

"दोन स्त्रियांचा मुक्त संवाद ना?" ते म्हणाले. "उद्या सकाळपर्यंत देतो. पुरुषाचा उल्लेख येणार नाही, हमी माझी."

सकाळी खरंच त्यांनी वळणदार अक्षरात लिहून आणलं. प्रणोती विद्यापीठात गेली होती. दोघींना ओसरीत बसवून रत्नाकरराव समोर उभे राहिले. परात त्यांनी उचलून आत नेली. "टरफलांचा आवाज येतो. हात मोकळे ठेवा. मुक्त!"

हात मोकळे राहिले तर त्या हातांचं काय करायचं, ते दोघींना समजेना. भीमाबाईंनी ते पदराखाली लपवले. भानुमतीबाईंनी मांडीवर असे ठेवले जसा कोणी फोटो काढून राहिला आहे.

"प्रिय सखी भीमाबाई," भानुमतीबाईंनी सुरुवात केली, "आज पूर्व दिशेचे मुख किती रम्य दिसत आहे!"

"होय, भानुमती. निसर्ग हा मानवाचा आद्य गुरू आहे." भीमाबाई थांबल्या. "मानव चालते का वो? बाप्या तं नाही?"

"चालते, चालते. पुढे!" रत्नाकरराव.

"सखी, आपण दोघी आता स्वतंत्र विचार करू या."

"करू या. तू आधी कर."

"मी कोण आहे, हा प्रश्न मला राहून राहून पडतो."

"मलाही तोच प्रश्न पडतो. परंतु तो तू आधी विचारलास, याचा मला आनंद आहे."

"आता इथे दीर्घ उसासा," रत्नाकरराव कुजबुजले.

"दीर्घ म्हणजे किती?"

"जेवढा येईल तेवढा."

भीमाबाई मनापासून काम करणाऱ्या. त्यांनी असा उसासा टाकला की तो संपता संपेना, आणि शेवटी त्याचा खोकला झाला, आणि खोकल्याची उबळ थांबवायला पाणी आणावं लागलं. रत्नाकरराव म्हणाले, "हरकत नाही, व्यथा आली."

"मी घरी असं बोलली न," भीमाबाई पाणी पिऊन म्हणाल्या, "तं डोमाजी मले रिक्षात टाकून मेडिकलच्या दवाखान्यात नेतीन."

पण झालं एकदाचं. रत्नाकररावांनी आपल्याच मोबाईलमध्ये ते भरून घेतलं, दोनदा ऐकलं आणि डोळे पुसले. भानुमतीबाईंनी दोन गोष्टी मनाशी पक्क्या केल्या. एक, प्रणोतीला सांगायचं की हे आम्ही आपोआप बोललो. दोन, देवाची माफी मागायची.

संध्याकाळी प्रणोती ओसरीत बसून ते ऐकायला लागली. 'आद्य गुरू' आला आणि तिनं मान खाली घातली. 'मी कोण आहे' आलं आणि तिचे खांदे हलायला लागले. भानुमतीबाईंना वाटलं, पोर रडते! त्यांनी धावत जाऊन तिचं तोंड वर केलं, तर ती हसून हसून लाल झाली होती. तिला श्वास घेता येईना.

"आजी, ये किसने लिखा?"

"कोणी नाही. आम्ही आपलं... बोललो."

"आजी."

"पूर्व दिशा दिसली, म्हणून बोललो."

"आजी! ओसरी पश्चिमेला आहे."

"...ह्यांनी लिहिलं," भानुमतीबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. "तुझा विषय जाऊ नये म्हणून केलं ग. रागावू नको."

प्रणोती रागावली नाही. ती उठून ओसरीत येरझारा घालायला लागली. "आजी, सुन. यात एकही आदमी नाही. दोन बायका आहेत, नाव आहे, एक-दुसरीशी बोलून राहिल्या. परीक्षा पूर्ण पास! आणि तरी शुरू से आखिर तक एकटे आजोबाच बोलून राहिले. तू यात आहेसच कुठे? भीमाआजी फक्त त्या खोकल्यात आहे." ती गर्रकन वळली. "आणि ती मटरवाली रेकॉर्डिंग नापास आहे. पण त्यात तुम्ही दोघी आहात. पूर्ण. कानटोपीची गंमत कोण करून राहिलं? डॉक्टरच्या मिशा कोणाला आठवल्या? मी कमिटीसमोर दोन्ही लावणार."

"दोन्ही?" भानुमतीबाईंना घाम फुटला. "ते भरीत? ते सासूचं तूप? चार शिकलेल्या लोकांसमोर? अगं, नाक राहील का माझं?"

प्रणोती त्यांच्यापुढ्यात उकिडवी बसली. "तू नको म्हणशील तर नाही नेणार. सच्ची. मग नर्मदा तर आहेच."

"हो" जिभेच्या टोकावर आलं होतं. भानुमतीबाईंनी ते तिथंच धरून ठेवलं. आयुष्यात बहुतेक पहिल्यांदा त्यांनी आधी विचारलं, "लोक हसले तर तू काय सांगशील?"

प्रणोतीनं विचार केला. भानुमतीबाईंना तेच बरं वाटलं. "सांगीन की... मैं गलत थी. मी लिहिलं होतं, खऱ्या बायका पुरुषांबद्दल बोलत नाहीत. बोलतात. खूप बोलतात. पण बोलणं कोणाचं आहे, ते बघायला पाहिजे. नुसते बाप्ये मोजून नाही चालणार. पुरुष लिहितो तेव्हा बाई बाप्याबद्दल न बोलताही त्याचंच बोलते. आणि ओसरीत बसली, तर बाप्याबद्दल बोलून बोलूनही ती आपलं बोलते."

"हे तुझ्या सरांना पटेल?"

"पता नहीं, आजी."

भानुमतीबाईंनी ओसरीत परत आलेल्या परातीतले उरलेले दाणे बोटांनी चाळले. मग म्हणाल्या, "ने. पण ललितच्या आईला विचारून ने. तिचा पण आवाज आहे."

भीमाबाईंनी दोन अटी घातल्या. माझं नाव भीमाबाई म्हणून सांग, आणि तो उसासा काढून टाक. पहिली अट मान्य झाली. दुसरीवर प्रणोती म्हणाली, भीमाआजी, वही तो सबसे अच्छा है, आणि भीमाबाई लाजून हो म्हणाल्या.

कमिटीच्या दिवशी दोघी प्रणोतीबरोबर विद्यापीठात गेल्या. रत्नाकररावही निघाले. त्यांना एवढंच कळलं होतं की आपला संवाद कमिटीपुढे वाजणार आहे. त्यांनी मुलाच्या लग्नातला कोट काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास पूर्ण ई-रिक्षात भरला. भानुमतीबाईंनी कोटाची कॉलर सरळ केली. तो कशासाठी वाजणार हे आज सांगावं कसं, ते त्यांना सुचेना.

प्रणोती आत गेली आणि दार बंद झालं. हे तिघं बाहेरच्या बाकावर. आधी नुसता तिचा आवाज. मग शेंगा फुटल्याचा आवाज दाराबाहेर आला आणि भानुमतीबाईंनी भीमाबाईंचा हात धरला. "मटर गोड आहे यंदा," आतून त्यांचाच आवाज म्हणाला. आणि थोड्या वेळानं आत हशा झाला. मोठा, बाकं हलवणारा हशा.

"कानटोपी," भीमाबाई हळूच म्हणाल्या.

पुन्हा हशा. "मिशा."

पुन्हा. "तूप आलं वाटते."

भानुमतीबाईंचे कान तापले. हसून राहिले ते आपल्याला का आपल्याबरोबर, हे बंद दारातून कसं कळावं? त्या आतापर्यंत कितीदा लोकांच्या हसण्यात हसल्या होत्या, पण आपल्या बोलण्यावर एवढी माणसं हसताना त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मग रत्नाकररावांचा संवाद सुरू झाला. आत एकदम शांतता. 'आद्य गुरू' झालं, 'स्वतंत्र विचार' झाला, कोणी हूं का चूं नाही.

"बघ," रत्नाकरराव कोट सारखा करत म्हणाले, "ऐकून राहिले. गांभीर्य आहे ना त्यात."

उसासा आला, खोकला आला, आणि आत जे हसणं फुटलं त्यात कोणाची तरी खुर्ची पडली.

"हे इथे काहून हसले?" रत्नाकरराव म्हणाले.

भीमाबाईंनी पदरात तोंड लपवलं. भानुमतीबाईंचं लक्ष दाराच्या कडीवर होतं. आत आता प्रणोती बोलत होती, आणि दिवाकर सर मध्ये मध्ये विचारत होते, आणि विचारणं संपता संपेना. एकदा तिचा आवाज इतका बारीक झाला की भानुमतीबाई उठून उभ्याच राहिल्या. भीमाबाईंनी पदर धरून त्यांना खाली बसवलं. "बसा. तिले बोलू द्या."

शेवटी दार उघडलं. पुढे दिवाकर सर, मागं प्रणोती. प्रणोतीच्या तोंडावर काही दिसेना, कारण तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

"आप ही हैं मटरवाली?" सरांनी विचारलं.

"हम दोनों हैं," भानुमतीबाई म्हणाल्या.

"आपकी पोती ने आज हमारे सामने अपना ही दावा काट दिया. फिर उससे अच्छा दावा बना दिया." सर हसले. "विषय मंजूर है. बस एक जोड़ी से काम नहीं चलेगा. और औरतें चाहिए, अलग-अलग मोहल्ले की."

"हो," भानुमतीबाई म्हणाल्या. "किती?"

प्रणोतीनं त्यांच्या गळ्यात हात टाकले आणि भीमाबाईंच्याही, तिघींची डोकी एकमेकींवर आपटली.

"और रत्नाकर जी," सर वळले, "आपका लिखा हुआ बहुत काम आया. बहुत. एक-दो और लिख दीजिए."

"दोन काय, दहा लिहितो!" रत्नाकरराव म्हणाले, आणि कोटाची उरलेली गुंडी लावली.

प्रणोतीला सरांपाशी थांबायचं होतं. बाकीचे तिघं ई-रिक्षात बसून परत निघाले. रत्नाकरराव समोरच्या सीटवर, बायकांकडे तोंड करून. बराच वेळ ते स्वतःशीच हसत होते. मग म्हणाले, "नेमकं काय आवडलं असेल त्यांना?"

भीमाबाई बाहेर बघायला लागल्या. खोटं बोलणं सोपं होतं. पण तो कोट, ती गुंडी आणि ते दहा संवाद डोळ्यांपुढे आले, आणि भानुमतीबाईंना वाटलं की हे खोटं आता बरंच लांब जाईल.

"रागावणार नाही ना?" त्या म्हणाल्या. "त्यांना हे आवडलं, की बायका कशा बोलतात ते तुम्हाला अजिबात माहीत नाही."

रत्नाकररावांचं हसू जागच्या जागी राहिलं. रिक्षा आधारतालच्या गर्दीत शिरली, निघाली, तरी ते तसेच. मग हळूच म्हणाले, "पण मी तर घरातच असतो. रोज ऐकतो तुमचं."

"रोज नाही ऐकत. तुम्ही फक्त तुमचं नाव आलं की ऐकता."

हे खरं होतं. कोटाची वरची गुंडी रत्नाकररावांनी सोडली. त्यानं त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

"बरं," ते म्हणाले. "मग मी नसतो तेव्हा तुम्ही काय बोलता?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. भीमाबाईंच्या नाकपुड्या फुलल्या. भानुमतीबाईंनी ओठ दाबून धरले, पण पोट हलायला लागलं, आणि मग दोघी जी हसत सुटल्या, की भीमाबाईंचा चष्मा पदरात पडला.

"सांगा न वो," रत्नाकरराव अगदी पोरासारखे म्हणाले.

"हमको भी बता दो अम्मा," रिक्षावाला मागं वळून म्हणाला. "घर में काम आएगा."

"तुम आगे देखो भैया," भानुमतीबाई डोळे पुसत म्हणाल्या, "गड्ढा है."